डावा भांग

२ फेब्रुवारी

आज भाऊजी तिचं सामान देऊन गेले. दोन खोकी आणि एक बॅग. बहीण गेल्याला आज बेचाळीस दिवस झाले. ताप आला आणि चौथ्या दिवशी गेली. सांगायला यापेक्षा जास्त काही नाही.

ही वही त्या खोक्यात सापडली. पहिल्या पानावर तिचं नाव, पुढे सगळी कोरी. नव्या वर्षासाठी आधीच घेऊन ठेवली असणार. तिला सगळं आधी लागायचं. जन्मालासुद्धा माझ्या अकरा मिनिटं आधी आली. वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेक उपदेश छापलाय. आजचा आहे, ‘बदलाचं स्वागत करा.’ बदल आला तेव्हा फोन मीच उचलला होता. स्वागत वगैरे काही जमलं नाही.

भाऊजी तासभर बसले. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, जे काय बोलले ते कपबशीशी बोलले. निघताना मात्र दारात थांबले आणि म्हणाले, "रागावू नकोस, पण तुझ्याकडे बघवत नाही गं. फोनवर बोलत जाऊ आपण. नुसतं आवाजावर. चेहरा नको."

मी "बरं" म्हटलं. चेहरा माझा असला तरी त्यांची तक्रार खोटी नाही.

आई आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

३ फेब्रुवारी

वहीला आमची ओळख नाही, म्हणून लिहून टाकते. आम्ही जुळ्या. डोळे, नाक, हनुवटीवरचा खड्डा, केसांचा रंग, सगळं सारखं. आईने ओळखायची सोय म्हणून भांग वेगळे पाडले. माझा डावीकडे, तिचा उजवीकडे. त्यावरून घरात नावंच पडली, डावी आणि उजवी. खरी नावं फक्त शाळेत ऐकू यायची. "आम्ही मुलींत डावं-उजवं करत नाही," असं आई पाहुण्यांना सांगायची आणि बाबा म्हणायचे, "अगं, रोज सकाळी कंगवा घेऊन तेच तर करतेस." हा विनोद बाबांनी शेवटपर्यंत पुरवला.

वाढदिवसालाही आई दोघींचं वेगवेगळं करायची. तिला नऊ चाळीसला जवळ घ्यायची, मला नऊ एक्कावन्नला. मधली अकरा मिनिटं मी दाराशी उभी राहून घड्याळ बघायचे. उजवी तेवढ्या वेळात मला वाकुल्या दाखवायची.

उजवीच्या आजारपणात आई तिच्या घरी होती; तिकडून आल्यापासून बदललीये. पूर्वी आम्ही समोरासमोर बसून जेवायचो, मी भिंतीकडे पाठ करून आणि ती खिडकीकडे. आता तिने दोन्ही खुर्च्या खिडकीच्या बाजूला ओढल्यात. आम्ही भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी जेवतो, बसमधल्या प्रवाशांसारख्या. समोर भिंतीवर जुना मोठा आरसा, मी सकाळी विंचरते तो. विंचरताना आई चहा घेऊन मागे बसते. मागेच. पुढे येत नाही.

खुर्च्यांचं विचारलं तर म्हणाली, "असंच. बरं वाटतं."

काल भाऊजी बोलले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईलाही माझ्याकडे बघवत नाही. शेजारी बसलं की चेहरा बघावा लागत नाही. बिचारीला ते तोंडाने म्हणता येत नाही, एवढंच.

वाईट वाटलं. खूप वाटलं. आपल्या आईला आपल्याच चेहऱ्याची भीती वाटावी याहून वाईट काय असतं?

७ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये नवशिक्यासारखी चूक केली. दात, दाढा आणि कवळ्या बनवण्यात माझी चौदा वर्षं गेली, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीत खालची उजवी दाढ लिहिलेली असताना मी डावी घडवली. आमच्याकडे डावं-उजवं नेहमी पेशंटचं धरायचं, कारण समोरून बघणाऱ्याला ते उलटं दिसतं. हे मी स्वतः तीन जणींना शिकवलंय.

मालकांनी दाढ चिमट्यात धरून माझ्यासमोर नाचवली. "ही कुणाच्या तोंडात घालू? माझ्या?" मग आवाज उतरवून म्हणाले, "थोडी सुट्टी घे."

सुट्टी घेऊन काय करू? घरी बसून आईला दिवसभर चेहरा दाखवू?

९ फेब्रुवारी

आमच्याकडे एक पॉलिशवाली आहे. कवळ्यांना पॉलिश करते आणि तोंडाने सगळ्या लॅबला. डबा खाताना मी तिला सहज म्हटलं की मला माझ्यासारखं दिसायचा कंटाळा आलाय. कारण सांगितलं नाही.

"केस बदल," ती म्हणाली. "घरच्या घरी. पार्लरवाल्या बाईला काय कळतंय तुझ्या मनातलं? मी तर नवऱ्याशी भांडण झालं की केस बदलते." म्हणजे तिचं वर्षातून नऊ वेळा भांडण होत असणार.

पण मुद्दा पटला. नाक बदलता येत नाही, केस येतात. आईला माझ्याकडे बघितल्यावर माझी बहीण दिसू नये, एवढंच हवंय.

११ फेब्रुवारी

रविवार. पहिला प्रयोग, कपाळावर झुलपं.

बाथरूममधला आरसा पोस्टकार्डाएवढा. म्हणून बाहेरचा मोठा आरसा काढून माझ्या खोलीत आणला आणि खुर्चीवर टेकवला. केस ओले करून पुढे ओढले आणि भुवयांशी बोट धरून सरळ कापले. ओले असताना झक्क दिसत होते. वाळल्यावर वर चढले ते थेट अर्ध्या कपाळावर. छत्तिसाव्या वर्षी मी बालवाडीतली मुलगी दिसते.

आईला बोलावलं. ती आली, पण तिने आधी खुर्चीवरच्या आरशाकडे बघितलं.

"इथे कशाला आणलास?"

"केसांसाठी. राहू दे थोडे दिवस. झुलपं कशी दिसतात सांग."

"बरी दिसतात," म्हणाली, आणि पुन्हा आरशाकडे बघून, "वजनदार आहे तो. पडेल."

रात्री जेवताना समोर भिंतीवर नुसता फिकट चौकोन आणि खिळा. आईने अर्धं ताट टाकलं. झुलपं फारच विचित्र दिसत असणार.

१३ फेब्रुवारी

आईने दोनदा विचारलं, आरसा परत कधी लावतेस. म्हटलं, प्रयोग संपले की. घरात इतक्या गोष्टी जागच्या हलल्या, हिला आरशाची पडलीये.

१८ फेब्रुवारी

दुसरा प्रयोग, रंग. दुकानातून गडद तपकिरी डबा आणला. माझी सगळी हुशारी इथे कामाला आली आणि तिनेच माती खाल्ली. दाताचा रंग जुळवायचा तर दात ओला असताना जुळवायचा, वाळला की फसवा दिसतो. चौदा वर्षांची सवय. तेव्हा मी एक बट रंगवून, धुऊन, ओली असतानाच उजेडात धरली. सुरेख तपकिरी. मग सगळं डोकं रंगवलं. वाळल्यावर गाजर.

दाताचं आणि केसाचं उलटं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आरशात बघून मी हसायला लागले, एकटीच. आणि हसता हसता सवयीने मागे वळले, कारण असल्या वेळी उजवी माझ्यापेक्षा मोठ्याने हसायची. तिथे मग बसूनच राहिले.

आईने गाजर बघितलं. "डोळ्यांत गेलं नाही ना?" एवढंच विचारलं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. आज तिने जेमतेम दोन घास खाल्ले. ब्रेडचा तुकडा हातात घेऊन नुसती कुसकरत होती.

२१ फेब्रुवारी

लॅबमध्ये मालकांनी माझ्या डोक्याकडे बघून ‘हा कुठला शेड?’ म्हणून रंगांची पट्टी मागवली. सगळे हसले. मीही हसले. भांग मध्ये पाडून गेले होते, पण दुपारपर्यंत केस आपसूक डावीकडे परत गेले. छत्तीस वर्षांची वाट आहे ती, चार पिनांनी थोडीच मोडणार.

घरी आले तर आई माझ्या खोलीत. फडकं हातात होतं, म्हणाली धूळ पुसतेय. आरसा लखलखत होता. बाकी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ तशीच.

वयामुळे होत असेल.

३ मार्च

वेणी कापली.

वर एक रबरबँड, खाली एक रबरबँड, मध्ये कात्री. कापड कापताना होतो तसा करकर आवाज झाला, बराच वेळ. मग डोकं एकदम हलकं झालं आणि मानेला गार लागलं. कमरेपर्यंतचे केस. आम्ही दोघींनी कॉलेजात पैज लावली होती, जी आधी कापेल ती हरली. तर हरले मी.

वेणी हातात घेऊन बसवेना. केराच्या डब्यात टाकली आणि डबा बाहेर ठेवला.

४ मार्च

सकाळी आई म्हणाली, "वेणी कुठाय?"

"टाकली."

"कुठे?"

"केरात. कालच."

ती चपला घालून खाली गेली. तीन जिने. गुडघ्यांमुळे आई दोन महिन्यांत घराबाहेर पडलेली नाही. मी दात घासत होते, मला आधी कळलंच नाही. वर आली तेव्हा धाप लागलेली. "गाडी गेली," म्हणाली.

मी ओरडलेच. "काय करणार होतीस त्या वेणीचं?"

"काही नाही. एवढे लांब केस. कुणाच्या तरी उपयोगी पडले असते."

मग स्वयंपाकघरात जाऊन तिने खूप वेळ नळ सोडून ठेवला. धुवायला भांडी नव्हतीच.

९ मार्च

आज चांगली बातमी. भाऊजींना मी मुद्दाम चेहरा दिसणारा, व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. त्यांनी आधी नजर बाजूला घेतली, मग हळूहळू बघितलं. मानेपर्यंतचे गाजरी केस, बालवाडीची झुलपं.

"अरे," ते म्हणाले, आणि हसले. "आता तू तूच दिसतेस गं. बरं झालं. बोलता येईल आता."

मला इतकं हलकं वाटलं. म्हणजे औषध योग्य आहे. फोन घेऊन आईकडे धावले, "बघ, भाऊजी काय म्हणतात." आईने हात हलवून नको म्हटलं आणि कूस बदलली.

एकाला लागू पडलं, दुसरीला का पडत नाही? कदाचित आईसाठी डोस वाढवावा लागेल. तिने मला जन्मापासून बघितलंय, एवढ्याने ती फसायची नाही.

१६ मार्च

पॉलिशवालीने नवऱ्याचं केस कापायचं मशीन दिलं. पुढे आरसा, मागे हातातला छोटा आरसा. दोन आरशांत डोकं गोंधळतं, हात डावीकडे न्यावा तर उजवीकडे जातो. मधेच मशीनचा कंगवा निसटला आणि मागे रुपयाएवढं टक्कल पडलं. मग काय, सगळंच कापलं. आता डोकंभर दोन बोटं केस. गाजरही बरंचसं गेलं, झुलपंही गेली.

एक गंमत दिसली. डावीकडे कातडीवर पांढरी रेघ आहे, भांगाची. केस गेले तरी रेघ तिथेच.

पण बाकी मी कुणीच दिसत नाही. उजवी नाही, मीही नाही. काम फत्ते.

आईला दाखवलं. मी म्हटलं, "आता बघता येईल ना माझ्याकडे?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काय भाषा बोलतेय ते तिला कळत नसावं. "तुझ्याकडे कधी बघितलं नाही मी?" म्हणाली.

१९ मार्च

आईला डॉक्टरांकडे नेलं. वजन सहा किलो उतरलंय. तपासलं, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "जेवायला सोबत बसत जा." म्हटलं, अहो, मांडीला मांडी लावून बसतो.

२२ मार्च

आज लॅबमध्ये वीज नव्हती, दुपारीच घरी आले. लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

आई माझ्या खोलीत आरशासमोर बसली होती. बाहेरची खुर्ची तिने आत ओढून आणली होती आणि शेजारी स्टूल ठेवलं होतं, रिकामं. पुढ्यात ताट, त्यात भात आणि अंडं. जेवत नव्हती.

मला बघून दचकली नाही. "ये. बस," म्हणाली.

मी स्टुलावर बसले. तिने आरशातल्या माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग हात वर करून माझ्या डोक्यावरून उलटसुलट फिरवला, आरशात बघत बघतच.

"नाही," म्हणाली. "गेली."

"कोण गेली, आई?"

"आरशात तुझा भांग उजवीकडे दिसायचा." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, भाजी महागली सांगावं तशी. "जेवताना दिसायची. तू घास घेतलास की तीही घ्यायची. पोटभर जेवायची बघ. तिकडे शेवटचे चार दिवस काही खाल्लं नव्हतं तिने. मी चमचा धरून बसले होते, तोंडच उघडेना. इथे जेवायची. मला बरं वाटायचं."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू होतीसच की शेजारी," आई म्हणाली.

२३ मार्च

तू होतीसच की.

चौदा वर्षं लोकांच्या तोंडातलं डावं-उजवं उलटं करून वाचतेय, आणि स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर मला ते वाचता आलं नाही. मला वाटलं, मी आईला वाचवतेय. मी तिच्या ताटासमोरून तिची मुलगी उचलली. आधी आरसा, मग वेणी, मग उरलंसुरलं.

आणि तरी मला राग आलाय. भयंकर. मेलेल्या बहिणीचा हेवा वाटतोय मला, हे वहीत तरी कबूल करते. आरसा काढेपर्यंत दीड महिना मी आईच्या शेजारी बसून जेवले आणि ती दुसरीबरोबर जेवत होती. सकाळी चहा घेऊन मागे बसायची तेही माझ्यासाठी नव्हतं. बहीण माझीही गेली. मला कुणी आरसा दिला?

आज आईशी बोलले नाही.

२५ मार्च

आजही नाही.

२६ मार्च

आरसा परत लावला. हातोडीचे चार ठोके जरा जोरातच मारले. आई खुर्चीवर बसून बघत होती. जेवताना तिने एकदा समोर बघितलं, मग ताटात. मी दोन घास जास्त खाल्ले, मुद्दाम, तिला दिसावं म्हणून. उपयोग झाला नाही. आरशात एक टकली बाई अधाशासारखी जेवत होती.

"तिला डोक्यावर पदर, टोपी, काही आवडायचं नाही," आई मधेच म्हणाली. मी टोपीचं काही बोललेच नव्हते. मनात मात्र होतं.

२ एप्रिल

पॉलिशवाली विचारते, प्रयोगाचं काय झालं. म्हटलं, यशस्वी. आता कुणालाच मी नको आहे.

तिने डब्यातला केक अर्धा मोडून मला दिला आणि पहिल्यांदाच दिवसभर काही बोलली नाही.

८ एप्रिल

केस वाढतायत. तीन बोटं झाले. रोज सकाळी ओला कंगवा फिरवून बघते. अजून ताठ आहेत, पण पाण्याने थोडे वळतात.

आई आता फक्त चहा आणि बिस्किटावर आहे. काल तिला उठवताना तिचा दंड माझ्या एका मुठीत मावला. राग जाऊन आता भीती बसलीये. एक गेली. दुसरी माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी केशरचनेचे प्रयोग करत बसणार.

१३ एप्रिल

उद्या आमचा वाढदिवस. सदतिसावा. माझा. आमचा. काय लिहायचं असतं अशा वेळी?

एक विचार आठवडाभर डोक्यात आहे. आरशाची गरजच काय? मी भांग उजवीकडे पाडला तर ती सरळ समोर येईल, काचेतली नाही, खरी. हात लावता येईल अशी. नऊ चाळीसला आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहीन. नऊ एक्कावन्नपर्यंत. अकरा मिनिटांपुरती. तेवढा वेळ मी दाराशी उभी राहत आलेच आहे.

आईला भेट द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

१४ एप्रिल

लिहायला बसलेय, पण जसं झालं तसं उतरेल की नाही कोण जाणे.

सकाळी केस ओले केले, उजवीकडे भांग पाडला, सहा पिना लावल्या. डावीकडची रेघ झाकायला थोडे केस आडवे घेतले. आरशात बघितलं तर आरशात डाव्या भांगाची मी. आयुष्यात पहिल्यांदा आरशात मी मला दिसले. तशी मी इतरांना दिसत आले असणार, इतकी वर्षं. बरी दिसते.

नऊ चाळीसला स्वयंपाकघरात गेले. आई बटाटे सोलत होती. मी नुसती उभी राहिले. तिने मान वर केली.

सुरी खाली ठेवली. तोंड उघडलं, "उज..." इतकंच बाहेर पडलं. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे अशी सरळ बघत होती. तिचा सगळा चेहरा सैल पडला. मला वाटलं, झालं, जमलं. आणि मला वाटलं, आता मी नाही.

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. हात पुसले. माझं मनगट धरून मला बाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं, आरशाकडे पाठ करून. एकेक पिन काढली. सहाच्या सहा मोजून टेबलावर ठेवल्या. कंगवा पाण्यात बुडवून आणला आणि बोटाने माझ्या डोक्यावर चाचपत राहिली. डावीकडे रेघेवर बोट थांबलं.

"इथे आहे तुझा," म्हणाली.

"आई, राहू दे. मला चालेल."

"मला नाही चालत."

ती भांग पाडायला लागली आणि रडायला लागली. उजवी गेल्यापासून आई माझ्यासमोर रडली नव्हती. मला वाटायचं, ती खंबीर आहे. कंगवा फिरत होता, केस ताठ असल्यामुळे परत उभे राहत होते, ती परत पाणी लावत होती, आणि तिच्या तोंडातून एकच वाक्य निघत होतं, "तिने काही खाल्लं नाही गं. काहीच खाल्लं नाही." माझ्या डोक्यावर कंगव्याचं पाणी कुठलं आणि आईच्या डोळ्यांतलं कुठलं ते कळत नव्हतं. मीही रडले, पण मला तिच्याकडे वळता येत नव्हतं. तिने डोकं घट्ट धरून ठेवलं होतं.

नऊ एक्कावन्नला थांबली. मला घड्याळ दिसत नव्हतं, तिला दिसत होतं. समोर येऊन उभी राहिली, माझी हनुवटी वर केली आणि माझ्या नावाने हाक मारली. खऱ्या नावाने, शाळेतल्या. आईच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर मला कळेना की ती कुणाला बोलावतेय.

डावी म्हणाली नाही. आता नुसतं डावी म्हणून काय उपयोग? ते नाव दोघींचं मिळून होतं. तिच्याबरोबर तेही गेलं, आणि मला ते आजच कळलं.

दुपारी खुर्च्या परत समोरासमोर लागल्या. मी ओढल्या नाहीत, आईने ओढल्या. मी भिंतीकडे पाठ करून बसले, आरशात तिला माझी नुसती मान दिसत असणार. बटाट्याची भाजी होती. आईने घास घेतला, चावला, गिळला, दुसरा घेतला. आणि सबंध जेवणभर माझ्याकडे बघत राहिली. सरळ, पापणी न हलवता.

मीच खाली बघून जेवले.